एकाच चादरीचे दोन फोटो

धाकटीला घरात धाकटी म्हणत, कारण तिच्या आधी एक थोरली होती. थोरली लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली तरी हिला काही बढती मिळाली नाही. एकविसाव्या वर्षीही ती धाकटीच. कॉलेजात संगणकाच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि या वर्षात तिने एक उद्योग करून ठेवला होता. त्या उद्योगापायी ती आणि तिची आई सकाळी आठ वाजता परक्या शहरातल्या एका भल्यामोठ्या इमारतीच्या दारात उभ्या होत्या. धाकटीच्या हातात एक लांब नळी होती आणि नळीत गुंडाळलेलं पोस्टर होतं. आईच्या हातात बाकी सगळं होतं.

उद्योग असा होता. आई बावीस वर्षं एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाई विभागात कामाला. जागा तळघरात. एका बाजूला माणूस आत उभा राहील एवढाली धुलाईची यंत्रं, मधे इस्त्रीचे तापलेले रूळ, आणि पार टोकाला, एकुलत्या एका खिडकीखाली, आईचं टेबल आणि शिलाई मशीन. धुऊन आलेली प्रत्येक चादर दोघीजणी टेबलावर पसरतात, उजेडात बघतात आणि तीन ढिगांपैकी एकात टाकतात: चांगली, दुरुस्तीला, बाद. दुरुस्तीची चादर आईकडे येते, आई तिला रफू करते आणि चादर पुन्हा वर रुग्णांकडे जाते. दिवसाला हजारभर चादरी बघायच्या म्हणजे दुपारनंतर डोळे शिणतात. मग एखादी फाटकी चादर चांगल्यांत जाते, वॉर्डात पोचते आणि परिचारिकेचा खाली फोन येतो. तो फोन वाजायला लागला की तळघरातल्या प्रत्येकीला अचानक दुसरं काहीतरी काम आठवतं.

धाकटीने त्या टेबलावर एक कॅमेरा टांगला. पाच आठवडे, कॉलेज सुटलं की रोज, ती तिथे जाऊन एका मजल्यावरून येणाऱ्या चादरी पसरल्या की त्यांचे फोटो काढत असे. अकराशे फोटो जमले. मग तिने एक प्रोग्राम लिहिला. फोटो बघून चादर कुठल्या ढिगात टाकायची ते त्याने सांगायचं. अकराशे फोटोंतले नऊशे त्याला शिकवायला वापरले आणि दोनशे परीक्षेसाठी बाजूला ठेवले. परीक्षेत प्रोग्रामने शंभरातल्या शहाण्णव चादरी बरोबर ओळखल्या. कॉलेजातल्या मॅडमनी तो आकडा पाहिला आणि चष्मा काढून पुसून पुन्हा पाहिला. त्यांनीच तो प्रकल्प संगणकात काम करणाऱ्या बायकांच्या परिषदेला पाठवून दिला आणि तो निवडला गेला.

आता परिषद म्हणजे नुसती भाषणं आणि चहा असता तर धाकटीला एवढी धास्ती वाटली नसती. पण तिथे एक मोठ्या बाई येणार होत्या. गिरणीत कापड विणताना राहून जाणारे दोष यंत्राला कसे ओळखता येतील, यावर त्या बाईंनी उभं आयुष्य घातलं होतं. त्यांची स्वतःची प्रयोगशाळा होती, आणि दरवर्षी त्या प्रयोगशाळेत एकीला दोन वर्षांसाठी घेत, शिकायचं आणि कामही करायचं. परिषदेतल्या पहिल्या तीन पोस्टरवाल्यांची मुलाखत त्या घेतात, असं मॅडमनी सांगितलं होतं. आणि ते जमलं नाही तर काय, हेही घरात ठरून गेलं होतं. रुग्णालयाच्या नोंदणीच्या खिडकीवर एक जागा रिकामी होणार होती. आईने धाकटीसाठी शब्द टाकला होता, साहेब हो म्हणाले होते. नोकरी वाईट नव्हती. पण त्या खिडकीवर एकदा बसलेली बाई तिथून निवृत्त होऊनच उठते, हे धाकटीने लहानपणापासून पाहिलं होतं.

आईचं येणं अगदी आयत्या वेळी ठरलं. कॉलेजातून दोघी मुली निघणार होत्या, दुसरीला गालफुगी झाली. तिचं तिकीट आणि खोलीतला पलंग रिकामा राहायला लागला, म्हणून मॅडम म्हणाल्या, आईला घेऊन जा. आईने आधी आढेवेढे घेतले. मी तिथे काय करणार, मला त्यातलं काय कळतं, वगैरे. मग गुपचूप नवी चप्पल घेऊन आली, त्यावरून काय ते सगळ्यांना कळलं.

दारातल्या टेबलावर एक चटपटीत मुलगी गळ्यात घालायच्या पट्ट्या वाटत होती. तिने धाकटीला तिची पट्टी दिली आणि आईला आदबीने विचारलं, की आपण कुठल्या संस्थेकडून. आई म्हणाली, "धुलाई विभाग." त्या मुलीने मान डोलावली आणि तसंच छापून दिलं. परिषदेत मोठमोठ्या कंपन्यांच्या, विद्यापीठांच्या पाचशे बायका होत्या. त्यांत धुलाई विभागाची एकच.

या पाचशे बायकांचं धाकटीला काय वाटलं ते सांगायला हवं. तिच्या वर्गात साठ जण, त्यांत मुली नऊ. प्रयोगाच्या तासाला मुलगा अडला तर तो विचार करतोय असं म्हणायचं आणि मुलगी अडली तर तिला जमत नाही असं, ही तिथली रीत. इथे आल्याआल्या ती हात धुवायला गेली तर बायकांच्या स्वच्छतागृहाबाहेर ही लांबलचक रांग, आणि पुरुषांचं ओस पडलेलं. रांगेत तिच्या पुढच्या दोघी एका प्रोग्रामची चूक कुठे असेल यावर हमरीतुमरीवर आल्या होत्या. त्यांतली एक सात महिन्यांची गरोदर होती आणि तीच जास्त जोरात बोलत होती. धाकटी त्यांचं ऐकत राहिली आणि तिला इतकं बरं वाटलं, की आपला नंबर आल्याचं मागच्या बाईने ढोसलं तेव्हा कळलं.

दहा वाजता पोस्टर लावायचे होते. लांब ओसरीसारखी एक जागा, दोन्ही बाजूंना करड्या कापडाचे फळे, फळ्यांवर क्रमांक. धाकटीचा एकोणतिसावा. आईने टाचण्या पुढे केल्या, धाकटीने पोस्टर ताणून बसवलं, आणि मग दोघी चार पावलं मागे सरून बघत उभ्या राहिल्या. आई पोस्टर पहिल्यांदाच बघत होती. पूर्ण झाल्याशिवाय दाखवणार नाही, असं म्हणून लेकीने ताकास तूर लागू दिली नव्हती. मधोमध तळहाताएवढा आकडा होता, शहाण्णव. त्याच्या खाली फोटोंच्या दोन ओळी. वरच्या ओळीत प्रोग्रामला शिकवलेल्या सहा चादरी, खालच्या ओळीत परीक्षेत त्याने बरोबर ओळखलेल्या सहा.

आईने आकड्याकडे पाहिलं, मग फोटोंकडे पाहिलं, आणि फोटोंकडेच बघत राहिली. तिने पिशवीतून चष्मा काढला. जवळ गेली. चेहऱ्यावर हसू होतं, ओळखीचं माणूस गर्दीत दिसावं तसं.

"अगं, ही वरची दुसरी आणि ही खालची शेवटची, एकच चादर आहे," ती म्हणाली.

धाकटी म्हणाली, की सगळ्या चादरी पांढऱ्याच असतात, तुला तसं वाटत असेल.

"वाटत कशाला असेल? रफू माझा आहे. धागा संपला म्हणून शेवटचे चार टाके पिवळट धाग्याने घातलेत. हे बघ, इथे चार, इथेही चार."

धाकटीने बघितलं. चार आणि चार. वरचा फोटो एका दिवशीचा, खालचा नऊ दिवसांनंतरचा. आणि मग तिला सगळं एकदम दिसलं. तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

संगणकवाल्यांसाठी ही चूक नवी नाही, पण बाकीच्यांना सांगायला हवी. त्या मजल्यावरच्या चादरी मुळात साडेतीनशे. वापरल्या जातात, खाली येतात, धुतल्या जातात, वर जातात, आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा खाली येतात. पाच आठवड्यांत धाकटीने अकराशे चादरींचे फोटो काढले नव्हते, साडेतीनशे चादरींचे तीन-तीनदा काढले होते. मग ते सगळे फोटो कालवून त्यांतले दोनशे परीक्षेला काढले. म्हणजे परीक्षेत येणारी जवळजवळ प्रत्येक चादर प्रोग्रामने शिकताना आधीच पाहिलेली होती. घरी सोडवलेलीच गणितं पेपरात आली तर कोणाला शहाण्णव पडणार नाहीत? प्रोग्राम फाटकं ओळखायला शिकलाच नव्हता. त्याने चादरी पाठ केल्या होत्या.

आणि हे एवढं साधं, तळघरातल्या कोणालाही ठाऊक असलेलं, की चादर परत येते, तिच्या लक्षात आलं नव्हतं. मॅडमच्याही आलं नव्हतं, पण मॅडम कधी तळघरात उतरल्या नव्हत्या. धाकटी तर शाळेत असल्यापासून तिथे येत होती.

भीती वाटली की माणूस जवळच्यावर चिडतो. धाकटी आईवर चिडली. आवाज खाली ठेवून, दात आवळून ती म्हणाली, "तुला आत्ताच बोलायचं होतं? चार वाजता परीक्षक येणार आहेत. कोणाला कळणार होतं?"

आईने चष्मा काढून पिशवीत ठेवला. तिला शहाण्णवचं काय झालं ते नीट कळलं नव्हतं, पण आपल्या बोलण्याने काहीतरी मोडलं हे कळलं. ती हळूच म्हणाली, की चुकलं माझं, मला काय कळतंय त्यातलं. आणि भिंतीकडच्या खुर्चीवर पिशव्या मांडीवर घेऊन बसली.

पुढची दहा-पंधरा मिनिटं धाकटीने काय केलं याचा तिला स्वतःलाही नंतर राग यायचा. तिने गप्प बसायचं ठरवलं. खरंच ठरवलं. हातात राहिलेल्या टाचण्या पोस्टरच्या कोपऱ्यांना उगाचच टोचत राहिली. फार तर तो खालचा फोटो काढून दुसरा लावू, म्हणजे झालं, असाही हिशेब तिने केला. इतक्यात समोरच्या फळ्यावरची मुलगी गप्पा मारायला आली, आकडा बघून म्हणाली, बाप रे, शहाण्णव. धाकटी हसली. ते हसू तिला स्वतःलाच इतकं खोटं वाटलं, की समोरची गेल्यावर ती तडक आईसमोर जाऊन उभी राहिली.

तिने विचारलं, की प्रोग्रामने आधी कधीच न पाहिलेल्या चादरी त्या फोटोंत कुठल्या असतील का. आई मघाशी एकदा बोलून पस्तावली होती. दुसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाली, की शेवटच्या आठवड्यात मागच्या इमारतीतलं यंत्र बंद पडलं होतं, तेव्हा तिकडच्या चादरी आपल्या ढिगात मिसळून आल्या होत्या. एकदाच आल्या. त्यांचा काठ आपल्यापेक्षा बारीक दुमडलेला असतो.

मग दोघी जिन्याखाली, जिथे भिंतीत वीज घ्यायची सोय होती, तिथे फरशीवर बसल्या. धाकटी लॅपटॉपवर एकेक फोटो पुढे सरकवत होती आणि आई काठ बघून सांगत होती, ही आपली, ही आपली, ही तिकडची. मधेच एखादीला बघून म्हणे, अरेच्चा, ही अजून आहे का. एक चादर तिने वर्षापूर्वी बाद केली होती, ती कोणीतरी परत ढिगात घुसवली होती. त्याबद्दल तिने दोन नावं घेऊन शिव्याही घातल्या. सव्वा तासात तिकडच्या चौऱ्याऐंशी चादरी निघाल्या. धाकटीने त्या बाजूला काढल्या, उरलेल्यांवर प्रोग्रामला नव्याने शिकायला बसवलं, आणि दोघी जेवायला गेल्या. जेवण छान होतं म्हणतात. धाकटीला चव कळली नाही.

परत आल्या तेव्हा प्रोग्रामचं शिकून झालं होतं. तिने त्या चौऱ्याऐंशी चादरींची परीक्षा घेतली. आकडा आला शंभरात एकाहत्तर.

आईने विचारलं, "म्हणजे पास की नापास?"

"पास," धाकटी म्हणाली.

"मग रडतेस कशाला?"

धाकटीला हसू आलं आणि रडूही थांबेना. तिने दारातल्या टेबलावरून जाड काळं पेन मागून आणलं. शहाण्णववर आडवी रेघ मारली, शेजारी हाताने एकाहत्तर लिहिलं आणि खाली दोन ओळींत का ते लिहिलं. रेघ वाकडी आली. आजूबाजूच्या चकचकीत, रंगीत पोस्टरांमध्ये एकोणतिसावं असं दिसायला लागलं, की जणू कोणा शिक्षकाने तपासून परत दिलंय.

चार वाजता तिघी परीक्षक आल्या. मोठ्या बाई त्यांत होत्या. बुटक्या, पांढऱ्या आखूड केसांच्या, हातात कागद नाही. धाकटीने जे झालं ते सांगितलं. चादरी परत येतात, फोटो कालवले गेले, शहाण्णव खोटा आहे, खरा एकाहत्तर. तिने काही लपवलं नाही. पहिल्या परीक्षकबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्यांची नजर पुढच्या फळ्याकडे गेली. दुसऱ्या म्हणाल्या, प्रयत्न चांगला आहे. हे वाक्य कशाला वापरतात ते सगळ्यांना माहीत असतं.

मोठ्या बाई मात्र फोटोंच्या दोन ओळींकडे बराच वेळ बघत होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "हे सापडलं कोणाला?"

आई दोन पावलांवर उभी होती. दोन्ही खांद्यांना पिशव्या, गळ्यात धुलाई विभाग.

"माझ्या लक्षात आलं," धाकटी म्हणाली.

हे वाक्य तिच्या तोंडून कसं गेलं ते तिला कळलं नाही. म्हणजे कळलं, आणि ते वाईट होतं. सगळं हातचं गेलंच होतं, निदान हे तरी आपलं राहू दे, असं वाटलं. रुग्णालयात रफू करणाऱ्या बाईने एका नजरेत जे पाहिलं ते आपल्याला पाच आठवड्यांत दिसलं नाही, हे त्या बाईंसमोर कबूल करणं जिवावर आलं. मोठ्या बाईंनी मान हलवली आणि त्या पुढे गेल्या. धाकटीने आईकडे बघायचं टाळलं. आईनेच जवळ येऊन तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, बरं केलंस, मला विचारलं असतं तर माझी दातखीळच बसली असती. आईला खरोखर राग आला नव्हता, आणि त्यानेच धाकटीला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या जागी यादी लागली. पहिल्या तिघींत एकोणतिसावं पोस्टर नव्हतं. पहिल्या सातांतही नव्हतं. धाकटीने यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. आईने काही न विचारता तिच्या ताटलीत एक उकडलेलं अंडं जास्त ठेवलं. थोड्या वेळाने खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माझ्यामुळे गेलं तुझं."

धाकटी नाही म्हणाली, पण ते नाही फार बारीक आवाजात आलं. ते आईपर्यंत पोचलं की नाही कोण जाणे.

समारोपाचं भाषण मोठ्या बाईंचं होतं. सभागृह खचाखच भरलं होतं, मायलेकींना बाराव्या रांगेत कडेच्या दोन खुर्च्या मिळाल्या. बाई छान बोलल्या. पोरीबाळींना उपदेश नाही, आपण किती सोसलं याची रडगाणी नाहीत. गिरणीत पहिल्यांदा गेल्या तेव्हा कामगार त्यांना पाहुणीबाई समजून यंत्रांपासून लांब उभं करत, हे त्यांनी इतकं गमतीत सांगितलं की सगळं सभागृह हसलं. मग त्या आपल्या नव्या कामावर आल्या. विणलेल्या कापडातले दोष ओळखणारा प्रोग्राम, शंभरातले अठ्ठ्याण्णव दोष बरोबर पकडणारा. पडद्यावर कापडांचे बारा फोटो आले, खिडकीएवढे मोठे. डावीकडचे सहा शिकवलेले, उजवीकडचे सहा परीक्षेतले.

धाकटी आकड्याकडे बघत होती. मत्सर वाटत होता तिला, सरळ सांगायचं तर. आणि मग शेजारी काहीतरी हललं म्हणून तिने पाहिलं. आईने चष्मा लावला होता. ती पुढे वाकली होती, पडद्यावर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे बघत होती. मग तिने चष्मा काढला, पिशवीत ठेवला आणि ओठ घट्ट मिटून हात मांडीवर घेऊन बसली.

धाकटीने विचारलं, काय झालं. आई म्हणाली, कुठे काय. धाकटीने पुन्हा विचारलं. आई म्हणाली, भाषण ऐक.

बावीस वर्षं कापडाचा धागा न् धागा बघणारी ही बाई काल सकाळपर्यंत जे दिसेल ते बोलून मोकळी व्हायची. तिला गप्प बसायला आपण एका दिवसात शिकवलं, हे धाकटीला त्या अंधाऱ्या सभागृहात लख्ख कळलं. तिने आईचा हात धरला. "आई, तुला काय दिसलं ते मला सांग. मी चिडणार नाही. शप्पथ."

आईने तिच्या कानाशी वाकून सांगितलं. धाकटीने पडद्याकडे पाहिलं, मान तिरकी करून पाहिलं, आणि तिला ते दिसलं.

भाषण संपलं. टाळ्या झाल्या. कोणाला काही विचारायचं असेल तर हात वर करा, असं सांगण्यात आलं. धाकटीला मोठ्या बाईंच्या प्रयोगशाळेत जागा मिळायची आशा एखाद्या धाग्याएवढीच उरली होती. अर्ज तर करता येईल, पुढच्या वर्षी तर बोलावतील, एवढीच. भर सभेत पाचशे माणसांसमोर बाईंची चूक दाखवली की तो धागाही तुटणार, हे तिला कळत होतं. तिने हात वर केला.

माइक हातात आला. ती उभी राहिली आणि म्हणाली, "मी एकोणतिसाव्या पोस्टरवाली. काल तुम्ही मला विचारलंत की चूक कोणाला सापडली, आणि मी माझ्या लक्षात आलं असं सांगितलं. ते खोटं होतं. माझ्या आईने पाहिलं होतं ते. ती रुग्णालयाच्या धुलाई विभागात रफू करते. आता तुमच्या फोटोंतही तिला काहीतरी दिसलंय. ते मी सांगणार नाही, तिलाच सांगू दे."

तिने माइक आईपुढे धरला. आईने माइककडे असं पाहिलं, की कोणी तिला तान्हं मूल धरायला दिलंय आणि ते रडेल अशी भीती आहे. पण उभी राहिली. नवी चप्पल चावत होती म्हणून ती काढून ठेवली होती, तशीच अनवाणी उभी राहिली.

"मॅडम, तुमच्या यंत्रातलं मला काही कळत नाही," ती म्हणाली. "पण डावीकडचं खालच्या रांगेतलं मधलं कापड आणि उजवीकडचं वरचं पहिलं कापड एकच आहे. उलटं धरून फोटो काढलाय, एवढंच. आडवे दोन धागे तुटलेत, त्यांतल्या एकाचं टोक वळलंय, आणि त्याच्या शेजारी एक जाड धागा आहे. जसंच्या तसं दोनदा तुटत नाही हो कापड."

मोठ्या बाई व्यासपीठावरून पडद्याजवळ गेल्या. तिथून त्यांना ते अवाढव्य फोटो नीट दिसेनात, म्हणून मागे सरकत सरकत व्यासपीठाच्या अगदी कडेला आल्या. खाली पडतील असं वाटून पुढच्या रांगेतल्या दोघी उठल्या. बाईंनी मान डावीकडे कलती केली. मग उजवीकडे. धाकटी आईचा पदर मुठीत धरून उभी होती, शाळेच्या पहिल्या दिवसासारखी.

"एकाच कापडाचे आहेत," बाई शेवटी म्हणाल्या. आवाज साधा होता, भाषणातला नव्हता. "म्हणजे अठ्ठ्याण्णव खरा नाही." मग त्या आईकडे वळल्या. "अजून कुठले आहेत असे?"

"ह्या बारांत नाहीत. बाकीचे बघावे लागतील."

"चार हजार आहेत. याल का बघायला?"

सभागृहात हशा पिकला, बाई मात्र हसत नव्हत्या. आईने खरोखर विचार केला. मग म्हणाली, की परवा तिला कामावर हजर व्हायचंय, चादरी कोणासाठी थांबत नाहीत.

"मग मुलीला पाठवा," मोठ्या बाई म्हणाल्या. "महिन्याच्या एक तारखेला. यादीत कोण आहे ते राहू दे, माझ्या प्रयोगशाळेत कोण बसणार ते मी ठरवते. खोटं बोललेलं चोवीस तासांत परत घेणारी अजून मला एकच भेटली आहे."

धाकटीला वाटलं आपण ऐकण्यात काहीतरी चूक केली. तिने आईकडे पाहिलं. आईला माइक तोंडापाशी धरायचा असतो हे एव्हाना समजलं होतं. तिने तो नीट धरला, आणि पाचशे बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पाठवते. पण घाई फार करते ती, मॅडम. तेवढं बघा."